सवकास, सवकास! सायकलवरून पाहिलेली पणजी

गोव्याहून परतलेल्या कुणालाही विचारा, "काय काय पाहिलं?" उत्तर अगदी ठरलेलं. समुद्र, चर्च, मंगेशी आणि शांतादुर्गा, आणि येताना पिशवीभर काजू. पणजी? "हो, बसमधून दिसली की!" राजधानीचं गाव, पण बहुतेकांनी ते खिडकीच्या चौकटीतूनच पाहिलेलं असतं.

त्यातून बायकांची सहल म्हणजे तर काय सांगावं! गाव बदलतं, कामं बदलत नाहीत. मांडीवर खाऊची पिशवी, पर्समध्ये सगळ्यांच्या गोळ्या, आणि कानाशी एकच प्रश्न, "अगं, टॉवेल कुठे ठेवलास?" गाडी कुठे थांबायची, किती वेळ थांबायची हे ठरवणारं दुसरंच कुणी असतं. एखादं सुंदर दार दिसलं आणि "थांबा हो जरा" म्हणेपर्यंत ते दार मागे गेलेलं असतं.

म्हणूनच मैत्रिणींनो, पणजीत गेलात तर एक सकाळ सायकलला द्या. काही वर्षांपासून तिथे माहितगार माणसाबरोबर निघणाऱ्या सायकलच्या छोट्या सहली होतात. पाच-सात माणसांचा घोळका, दोन-अडीच तास, सात-आठ किलोमीटर. सायकल त्यांचीच, शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट त्यांचंच. गावाची गोष्ट सांगायला पुढे एक वाटाड्या. आमच्या नशिबाने आम्हाला वाटाडी मिळाली. पणजीतच वाढलेली, पंचविशीतली, तुरतुरीत मुलगी.

"हे वय आहे का?"

आम्ही दोघी जावा, कामठीच्या. मी पन्नाशी ओलांडलेली, आणि मोठ्या जाऊबाई साठीला टेकलेल्या. सायकलचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "काय बोलून राहिली तू? हे वय आहे का आता?" दिरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "पडशील" एवढंच म्हटलं.

खरं तर या बाईंनी आठवीत असताना भावाच्या मोठ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, कैची मारत कामठीच्या छावणीचे रस्ते पालथे घातले होते. त्या काळी तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. शाळा, शिकवणी, दळण, सगळं सायकलवर. लग्न झालं आणि सायकल सुटली. कुणी बंदी घातली नव्हती, बरं का. पण सासरी तिचा विषयच निघाला नाही. तुमच्यापैकी कितीजणींची हीच गोष्ट असेल! सायकल चालवणं आपण विसरत नाही, आपल्याला ती चालवता येते हे विसरतो.

"ताई, चला तर. नाही जमलं तर हाती धरून चालवत नेऊ," एवढ्यावर त्या कबूल झाल्या. पण आदल्या रात्री दोनदा उठून त्यांनी गुडघ्याला तेल चोळलं, हे मी अंधारातही पाहिलं.

सायकल, पण मदतीला वीज

सकाळी सात वाजता मांडवीच्या काठी सायकली उभ्या होत्या. पणजीतल्या अशा सहलींना बरेचदा विजेवर चालणाऱ्या सायकली देतात. दिसायला साधीच सायकल, पण दांड्याला बॅटरी आणि चाकाशी छोटी मोटर. आपण पायडल मारायचं, मोटर पाठीवर हात ठेवल्यासारखी हळूच पुढे ढकलते. चढ आला की तिचा उपयोग कळतो. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या अशा वाहनांना परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. थांबलेले असताना पायडलवर पायाचा भार टाकून ठेवायचा नाही, नाहीतर ती एकदम पुढे उडी घेते. आणि मदतीचा आकडा सुरुवातीला सगळ्यात खालचा ठेवायचा. हात बसला की वाढवायचा.

सीटची उंचीही आधी पाहून घ्या. सीटवर बसून टाच पायडलवर टेकली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही. बऱ्याच वर्षांनी बसत असाल तर त्याहून बोटभर खाली ठेवा. थांबताना पाय चटकन जमिनीला लागला की अर्धी भीती तिथेच जाते.

आमच्या मुलीने आधी मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारायला लावल्या. जाऊबाईंची सायकल पहिल्या फेरीत नागमोडी गेली. ती मुलगी शेजारून धावत कोकणीतून म्हणत होती, "सवकास, सवकास!" म्हणजे आपलं सावकाश. दुसऱ्या फेरीत हँडल सरळ झालं. तिसरी फेरी कुणी सांगितली नव्हती, ती जाऊबाईंनी स्वतःहून मारली.

दोन गावं, एका वयाची

नदीकाठच्या जुन्या सचिवालयापाशी पहिला थांबा. हा मुळात आदिलशहाचा वाडा. पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहिले, गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाल्यावर विधानसभा इथे भरू लागली, आणि २००० साली ती नदीपलीकडे पर्वरीला गेली. एकाच भिंतींनी किती राज्यं पाहावीत!

शेजारीच एक पुतळा आहे. हात पसरून उभा असलेला एक पुरुष, आणि त्याच्यापुढे मागे कलंडणारी बाई. जाऊबाई सायकलवरूनच म्हणाल्या, "अगं, हा तिला ढकलून राहिला का?" तसं नाही. हे आबे फारिया, १७५६ साली कांदोळीला जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू. त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा अभ्यास केला. माणूस संमोहित होतो तो समोरच्याच्या अंगातल्या कसल्या शक्तीमुळे नव्हे, तर स्वतःच्याच मनामुळे, हे त्यांनी त्या काळी सांगितलं. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. बसमधून हा पुतळा दोन सेकंदात निघून जातो, आणि "ढकलतोय" एवढाच समज घरी येतो.

इथेच त्या मुलीने सांगितलेली एक गोष्ट मला फार लागून राहिली. पणजीचे सरळ रस्ते आणि चौक १८२७ ते १८३५ या काळात आखले गेले. व्हाइसरॉय दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रो याने दलदल बुजवून, वाळूचे ढिगारे सपाट करून गाव वसवलं. पुढे १८४३ साली जुनं गोवं सोडून राजधानी इथे आली. मी मनात हिशेब केला. आमच्या कामठीची इंग्रजांची छावणी कन्हानच्या काठी वसली १८२१ साली! म्हणजे ही दोन्ही गावं जवळपास एका वयाची. दोन्ही नदीकाठची, दोन्ही परक्या राज्यकर्त्यांनी दोरी धरून आखलेली. एक मांडवीच्या काठी आणि एक कन्हानच्या. सरळ रस्ते आणि रुंद सावल्या इथे इतक्या ओळखीच्या का वाटतात, ते तेव्हा कळलं.

सायकल हातात असली की माणूस असे हिशेब करतो. बसमध्ये डुलक्या घेतो.

फोंतेन्यशच्या गल्ल्या

पुढे पायऱ्यापायऱ्यांचं ते पांढरंशुभ्र चर्च. १५४१ साली इथे छोटं प्रार्थनामंदिर होतं, १६१९ साली ते मोठं बांधलं गेलं. वरची थोरली घंटा जुन्या गोव्याच्या पडझड झालेल्या ऑगस्टिनियन चर्चमधून आणलेली. याच गावातलं महालक्ष्मीचं देऊळ १८१८ सालचं, पोर्तुगीज अमलात पणजीत रीतसर परवानगी मिळालेलं पहिलं. एकाच सकाळी घंटा दोन्ही ठिकाणची ऐकायला मिळाली.

मग आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी फोंतेन्यश. नाव पडलं झऱ्यावरून. इथे फेनिक्स नावाचा झरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या एका गोमंतकीयाची ही नारळाची बाग होती, पुढे तिच्यात घरं उठली. पिवळी, निळी, तांबडी, हिरवी घरं, कौलारू छपरं, सज्जांना नक्षीदार कठडे, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर लिहिलेली रस्त्यांची नावं. पोर्तुगीज काळात पावसाळा संपला की घर रंगवण्याचा दंडकच होता, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, असं सांगतात. दिवाळीला आपण घर रंगवतो, त्याची आठवण झाली.

गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर बाजूला व्हावं लागतं. सायकल मात्र आरामात जाते. आणि सायकलला आवाज नाही. म्हणून आत कुणीतरी नारळ खवत असलेलं ऐकू येतं, फोडणीचा वास येतो, रेडिओवरची कोकणी गाणी येतात. गावाचा संसार असा कानांनी आणि नाकाने दिसतो!

तेवढ्यात मागून "पोंऽ पोंऽ" झालं. पाहतो तर पाववाला! त्याला इथे पोदेर म्हणतात. मागच्या कॅरियरला मोठी टोपली, वरून झाकण, हँडलला रबरी भोंगा, आणि सायकलवरून दारोदार ताजे पाव आणि पोळीसारखे चपटे, कोंड्याचे पोय. म्हणजे पणजीला सायकल काही आमच्यासारख्या पाहुण्यांनी आणलेली नाही. या गावची न्याहारीच मुळी सायकलवरून येते. आम्हीही पोय घेतले. पुढे एका छोट्या हॉटेलात पातळ भाजीबरोबर खाल्ले. जाऊबाईंचं मत पडलं, "भाजी चांगली आहे, पण वरून आपली तर्री पाहिजे होती."

कुणाच्या तरी दारात

एक गोष्ट मात्र मनावर घ्यायला हवी. फोंतेन्यश हे काही प्रदर्शन नाही. तिथे माणसं राहतात. फोटो काढायला येणाऱ्यांची अलीकडे एवढी गर्दी होते की काही घरांवर "फोटो काढू नका" अशा पाट्या लागल्या आहेत. आमच्या डोळ्यांदेखत एक जोडपं कुणाच्यातरी पायरीवर चढून, दाराला टेकून उभं राहिलं. आतून एक आजीबाई बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. हातात ओला कपडा होता. तो वाळत टाकायचा होता, आणि वाळत टाकायच्या दोरीपाशी फोटो चालला होता.

आपण बायकांनी तरी हे चटकन समजावं. आपल्या ओट्यावर परक्या माणसाने असं येऊन बसलेलं आपल्याला चालेल का? आमच्या मुलीने गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं होतं, सायकली भिंतीला टेकवायच्या नाहीत, खिडकीत डोकवायचं नाही, बोलणं हळू आवाजात, आणि कुणी दारात दिसलं तर आधी नमस्कार. चांगल्या वाटाड्याची हीच खूण. नुसती सनावळ्या सांगणारी माणसं खूप भेटतात. कुठे थांबायचं नाही हे सांगणारी थोडीच.

शेवटचा टप्पा समुद्राकडे

ओरेंच्या खाडीला वळसा घालून आम्ही परत नदीकाठाला लागलो. इथून मिरामारपर्यंत तीनेक किलोमीटरचा सपाट रस्ता, उजवीकडे मांडवी. वाटेत कांपाल, चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी. तिथे जाऊबाईंनी विजेची मदत बंद केली. "माझी मीच जाते," म्हणाल्या. आणि गेल्या की! गुडघा, वय, लोक, सगळं मागे टाकून त्या आमच्या पुढे होत्या. साडी नव्हती, सुनेचा सलवार-कमीज होता. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली.

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी इथेच. जाऊबाई वाळूत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अडतीस वर्षं झाली गं. मला वाटलं होतं, गेलं ते." सायकलबद्दलच बोलत होत्या, असं मी धरून चालले.

हॉटेलवर दिरांनी विचारलं, "पडलीस का?" "नाही," म्हणाल्या, "उद्या तुम्हीही चला. शिकवते."

एका सायकलने काय होतं, असं वाटेल. पण १९९१ साली तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवायला सुरुवात झाली. हजारो बायका शिकल्या. पाणी आणणं, बाजार, कामावर जाणं, पोराला शाळेत सोडणं, कशासाठीच कुणाची वाट पाहावी लागेना. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकलने बाईची वाट पाहण्याची सवय मोडते, हा तिचा मोठा गुण.

निघण्यापूर्वी एवढं पाहा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसात उताराचे रस्ते निसरडे होतात, आणि एप्रिल-मेमध्ये दमट उकाडा जीव काढतो. वेळ सकाळचीच घ्या, नऊच्या आत परत.

उपाशीपोटी निघू नका. केळं किंवा दोन बिस्किटं खा, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर. पाण्याची बाटली आणि थोडं मीठ-साखर जवळ असू द्या. चक्कर येण्याचा त्रास असेल, किंवा गुडघ्याचं, हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कपडे सुटसुटीत. ओढणी, पदर, मोकळे केस चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाहीत हे पाहा. साडीच नेसायची तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल मागा. चपला नकोत, पट्ट्याचे सँडल किंवा कापडी बूट बरे. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधला की घामाचा त्रास कमी होतो.

पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. एकूण अंतर किती? चढ आहे का? घोळक्यात किती माणसं? सायकल बिघडली किंवा कुणी दमलं तर काय सोय? आणि सरावाला वेळ देणार का? शेवटच्या प्रश्नाला "त्याची काय गरज" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करा. थांबताना दोन्ही ब्रेक एकदम, हलक्या हाताने दाबा. नुसता पुढचा करकचून दाबला तर सायकल उलटते.

आणि आपलं गाव?

गोव्याला जाणं काही रोज होत नाही. पण हीच सहल आपल्या गावातही निघू शकते. आमच्या कामठीचंच घ्या. छावणीचे झाडांचे रस्ते आहेत. गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रामुळे लष्करी हद्दीतल्या पाट्या मात्र काटेकोर पाळायच्या आणि तिथे फोटो काढायचे नाहीत. १९९९ साली जपानी बौद्ध भगिनींच्या मदतीने उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेसचं बुद्धमंदिर आहे, तिथली शांतता अनुभवायला जगभरातून माणसं येतात. विणकरांचे जुने मोहल्ले आहेत, तिथे हातमागाच्या आठवणी सांगणाऱ्या आज्या आहेत. पायाखालच्या दगडाचंही कौतुक आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत इथल्या वालुकाश्माच्या थराला कामठीचंच नाव आहे! फक्त कन्हानकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जड वाहनं असतात, नवख्या बायकांनी तिकडे वळू नये. रविवारी सकाळी सहा ते आठ, चार-पाचजणी, आतले रस्ते. वाटाड्या कोण? तुमच्यातलीच, गाव माहीत असलेली एखादी पोक्त बाई. तिला आजवर कुणी विचारलं नसेल एवढंच.

जिन्याखाली गंजत पडलेली सायकल असेल तर या आठवड्यात पंक्चरवाल्याकडे न्या. ट्यूब-टायर, ब्रेकचे रबर आणि सीटचं स्प्रिंग पाहून घ्या, चेनला तेल सोडा, घंटी वाजते की नाही ते बघा. मग पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंतच जा. घाई नाही. सवकास.